वैराच्या काळातील करुणा: हिंसक संघर्षासमोर बौद्ध साधना कशी करावी

युद्ध, दंगल किंवा हत्याकांडाच्या बातम्या रोज समोर येऊ लागल्या की साधना करणाऱ्या माणसाची मोठी पंचाईत होते. डोळे मिटून बसावे, तर आपण तोंड फिरवले अशी बोच लागते. बातम्यांत बुडून जावे, तर मन इतके पेटते की बसणेच सुटते. बौद्ध परंपरेतून अशा काळासाठी शील, भावना (म्हणजे ध्यानातून चित्त घडवणे) आणि कृती असा क्रम काढता येतो. तो मोडला की करुणेची एक तर हळहळ होते किंवा संताप होतो, असे माझे मत आहे. म्हणून पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे. तो दुरून संघर्ष पाहणाऱ्यांसाठी, ज्यांचे आप्त त्यात अडकले आहेत त्यांच्यासाठी, मदतकार्य करणाऱ्यांसाठी आणि ज्यांचा स्वतःचा समाज त्या संघर्षात एक पक्ष आहे अशांसाठी आहे. जो माणूस या क्षणी गोळीबारात सापडला आहे, त्याला आधी निवारा, पाणी आणि औषध हवे. त्याला ध्यान शिकवायला जाणे हा क्रूरपणा ठरेल.

करुणा म्हणजे तटस्थता नव्हे

करुणा बाळगायची तर दोन्ही बाजूंना सारखेच दोषी धरले पाहिजे, ही समजूत फार पसरलेली आहे आणि साधनेचे सर्वांत मोठे नुकसान तीच करते. बुद्धांचे स्वतःचे कुळ शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शस्त्रे उपसली गेली, तेव्हा बुद्ध दोन सैन्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे प्राचीन भाष्यात, येते. पाण्याचे मोल किती, असे त्यांनी विचारले. थोडेच, असे उत्तर आले. मग क्षत्रियांचे मोल किती? ते तर अनमोल. थोड्या मोलाच्या पाण्यासाठी अनमोल माणसांचा नाश करणे योग्य आहे काय, एवढाच त्यांचा पुढचा प्रश्न होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळच या वादात पाहिले: शाक्य संघाने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला भर सभेत विरोध केला आणि त्या विरोधाची किंमत म्हणून परिव्रज्या पत्करली.

संयुत्त निकायात, म्हणजे पाली सुत्तांच्या एका संग्रहात, एका योद्ध्याची कथा आहे. रणांगणात पराक्रम करताना मरणारा वीर देवलोकात जातो, असे आमचे पूर्वाचार्य सांगतात, आपले मत काय, असे तो विचारतो. बुद्ध दोनदा त्याला हा प्रश्न सोडून द्यायला सांगतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र ते आडपडदा ठेवत नाहीत: ‘हे मरोत, यांचा नाश होवो’ असे चित्त घेऊन मरणाऱ्याची गती दुर्गतीच असते. योद्धा रडू लागतो. मात्र बुद्धांनी असे म्हटले म्हणून आपण रडत नाही, इतका काळ आपली फसवणूक झाली म्हणून रडतो, असे तो सांगतो.

या दोन्ही प्रसंगांत बुद्ध कृत्याला स्पष्ट नाव देतात आणि तरीही समोरच्या माणसाशी बोलणे तोडत नाहीत. पुढची सगळी साधना या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळण्याची आहे. आपण एका बाजूच्या अत्याचाराला अत्याचार म्हणू शकतो, त्याविरुद्ध सही करू शकतो, रस्त्यावर उतरू शकतो. फक्त कोणालाही ‘हा माणूसच नव्हे’ असे ठरवून मैत्रीच्या परिघाबाहेर ढकलू शकत नाही.

पहिली पायरी: जिभेचे आणि बोटांचे शील

ध्यानाला बसण्यापूर्वी शील का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर व्यावहारिक आहे: दिवसभर द्वेष पसरवून रात्री वीस मिनिटे मैत्रीभावना (सर्वांचे हित इच्छिण्याचे ध्यान) करणारे मन स्वतःवर विश्वास ठेवू शकत नाही. ‘पाणातिपाता वेरमणी’ (प्राणहत्येपासून दूर राहीन) आपण रोज म्हणतो, परंतु दूरच्या संघर्षात आपल्या हातून प्राणहत्या घडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आपली खरी परीक्षा चौथ्या शीलाची, म्हणजे ‘मुसावादा वेरमणी’ची (खोटे बोलण्यापासून दूर राहण्याची) असते, कारण आजचा कोणताही संघर्ष अफवा, जुने व्हिडिओ आणि अर्धवट छायाचित्रे यांच्या आधारे भडकतो आणि ती पुढे पाठवणारा हात आपलाच असू शकतो.

यासाठी बुद्धांनी सांगितलेल्या वाणीच्या पाच कसोट्या जशाच्या तशा वापराव्यात. बोलणे योग्य वेळी आहे का, खरे आहे का, मृदू आहे का, हिताचे आहे का आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेले आहे का? कोणताही संदेश पुढे पाठवण्यापूर्वी हे पाच प्रश्न खरोखर विचारावेत. समजा, मोडलेल्या घरासमोर एक मृत मूल पडलेले आहे असा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला. तो कुठला आहे, कधीचा आहे, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणजे दुसऱ्या कसोटीवरच तो थांबतो. तो खरा निघाला, तरी त्या मुलाच्या आईने हे चित्र हजारो अनोळखी लोकांच्या हातात पाहावे का, हा चौथ्या कसोटीचा प्रश्न उरतो. आणि पाठवताना मनात ‘बघा, ते लोक असेच असतात’ हे वाक्य असेल, तर पाचवी कसोटी नापास झाली. बहुतेक संदेश दुसऱ्या किंवा पाचव्या कसोटीवर गळतात. जे उरतात, ते निर्धास्त पाठवावेत, कारण अन्यायाची खरी माहिती दडपून ठेवणे हेही शील नव्हे.

समूहवाचक शिव्या, प्राण्यांची नावे आणि ‘कीड’, ‘साफ करणे’ यांसारखे शब्द आपल्या बोलण्यातून पूर्णपणे काढून टाकावेत. विनोदातसुद्धा ते ठेवू नयेत. शक्य असेल त्याने आपल्या पैशाकडेही पाहावे: अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला आहे, आणि आपली गुंतवणूक कुठे जाते हा प्रश्न त्यापासून फार दूर नाही.

दुसरी पायरी: बातमी शरीरात कुठे लागते ते पाहणे

बातम्यांसाठी दिवसातील दोन ठराविक वेळा निवडाव्यात. त्यांपैकी एकही झोपण्यापूर्वीची किंवा उठल्याउठल्याची नसावी. शक्यतो वाचावे, व्हिडिओ कमी पाहावेत. वाचताना मन थांबू शकते, सरकत्या चित्रासमोर ते थांबत नाही. वाचून झाल्यावर फोन बाजूला ठेवून तीन ते पाच मिनिटे नुसते बसावे. जबडा आवळला आहे का? पोटात गोळा आला आहे का? श्वास छातीच्या वरच्या भागात अडकला आहे का? हे केवळ नोंदवावे. ‘मला राग आला आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘छातीत उष्णता आहे, हात घट्ट आहेत’ असे म्हटले की रागाची कथा थोडी सैल होते.

बुद्धांनी सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचे उदाहरण दिले आहे. वेदना हा पहिला बाण असतो आणि त्या वेदनेविरुद्ध मनाने केलेला आकांत हा आपणच मारून घेतलेला दुसरा. दुसऱ्याच्या मृत्यूची बातमी ऐकून होणारे दुःख पहिल्या बाणासारखे आहे आणि ते टाळायचे नाही. त्यानंतर तासन्‌तास टिप्पण्या वाचत बसणे, काल्पनिक वाद घालणे, मनातल्या मनात सूड उगवणे हा दुसरा बाण आहे. आनापानसती, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचे ध्यान, येथे कामाला येते: वीस श्वास मोजावेत, मन भरकटले की पुन्हा एकपासून सुरुवात करावी. यात काही उदात्त नाही, पण पुढची पायरी या वीस श्वासांवर उभी राहते.

तिसरी पायरी: मैत्रीभावना, आणि तिचा क्रम न मोडणे

बहुतेक लोक येथे घाई करतात. युद्ध सुरू झाले की ते थेट आक्रमकांच्या नेत्याला मैत्री पाठवण्याचा प्रयत्न करतात, ती जमत नाही, आणि मग मैत्रीभावना हा भाबडेपणा आहे असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पाचव्या शतकात पाली भाष्यकार बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या साधनाग्रंथात या भावनेचा क्रम बारकाईने दिला आहे आणि वैऱ्यापासून सुरुवात करू नये, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. सुरुवात स्वतःपासून, मग आदरणीय आणि प्रिय व्यक्ती, मग जिच्याविषयी राग ना लोभ अशी व्यक्ती, आणि शेवटी वैरी. मृत व्यक्तीविषयी तर ही भावना मुळीच करू नये, असे ते सांगतात. युद्धात मेलेल्यांसाठी बसताना हे विशेष लक्षात ठेवावे. मैत्री त्यांच्या मागे राहिलेल्यांकडे वळवावी.

रोज पंचवीस मिनिटे असल्यास ती अशी वाटावीत. पहिली पाच स्वतःसाठी: ‘मी वैररहित असो, मी निर्भय असो, मी सुखी असो.’ वाक्ये आपल्या भाषेत, आपल्या तोंडी बसतील अशी असावीत. पुढची पाच एखाद्या आदरणीय आणि जिवंत व्यक्तीसाठी, ज्यामुळे मन सहज ओले होते. त्यानंतरची दहा मिनिटे संघर्षाच्या भूमीतील तटस्थ माणसांसाठी द्यावीत, आणि आपल्या विषयासाठी हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. एखादी परिचारिका, पाण्याच्या रांगेतील म्हातारा, रात्रपाळीचा चालक, तपासणी नाक्यावर उभा असलेला एकोणीस वर्षांचा शिपाई, दोन्ही बाजूंचे. त्यांचे चेहरे आपल्याला माहीत नसतात, म्हणून त्यांच्याविषयी मतही पक्के नसते, आणि त्यामुळेच मैत्री त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते. शेवटची पाच मिनिटे वैऱ्यासाठी असली, तरी पहिले काही आठवडे तेथे एखाद्या मोठ्या नेत्याऐवजी आपल्याशी वाद घातलेल्या नातलगाला किंवा सहकाऱ्याला बसवावे.

वैऱ्याजवळ येताच राग उसळला तर काय करावे? बुद्धघोष येथे एकामागून एक उपाय देतात आणि एक चालला नाही तर दुसरा करावा, असे व्यवहारी धोरण ठेवतात. आधी पुन्हा प्रिय व्यक्तीकडे परतून मन ओले करावे. मग मज्झिम निकायातील करवतीची उपमा आठवावी: दरोडेखोरांनी दोन मुठींच्या करवतीने अंगाचे तुकडे केले, तरी ज्याचे मन द्वेषाने दूषित होते तो माझी शिकवण पाळत नाही, असे बुद्ध तेथे म्हणतात. हा आदर्श इतका उंच आहे की तो दुसऱ्या कोणाला, विशेषतः पीडिताला, उपदेश म्हणून कधीही सांगू नये. तो फक्त स्वतःच्या चित्तासाठी आहे. तेही जमले नाही तर, तू नेमका कशावर रागावला आहेस, केसांवर, नखांवर, की पृथ्वी-आप-तेज-वायू यांपैकी कोणत्या धातूवर, असा प्रश्न स्वतःला विचारावा. आठव्या शतकातील महायान आचार्य शांतिदेवांनी हाच प्रश्न पुढे नेला: काठीने मारले तर आपण काठीवर रागावत नाही, ती चालवणाऱ्यावर रागावतो, पण त्यालाही द्वेषच चालवतो, मग रागावायचेच असेल तर द्वेषावर का रागावू नये? युद्धात हा विचार अनपेक्षितपणे उपयोगी पडतो, कारण द्वेष निर्माण करणारी यंत्रणा, म्हणजे प्रचार, भीती, जुन्या जखमा आणि शस्त्रांतला नफा, मग डोळ्यांसमोर येते आणि विरोध नेमका कशाला करायचा हे कळते.

चौथी पायरी: करुणा आणि तिचा जवळचा शत्रू

करुणेचा क्रम मैत्रीहून वेगळा आहे. येथे सुरुवात प्रत्यक्ष दुःखात असलेल्या व्यक्तीपासून होते. एकाच व्यक्तीची निवड करावी. ‘सर्व पीडित’ असा ढीग मनाला उचलता येत नाही. तिचे दुःख नीट पाहावे आणि ‘हे दुःख दूर होवो’ एवढेच वाक्य श्वासाबरोबर म्हणत राहावे. जोर दुःखाच्या चित्रापेक्षा ते दूर होण्याच्या इच्छेवर असावा.

विसुद्धिमग्गात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रौर्य, तो ओळखता येतो. जवळचा शत्रू शोक, आणि तो करुणेचाच वेष घेऊन येतो. बातम्या पाहून रडणारा, झोप न लागणारा, घरातल्या सगळ्यांवर चिडणारा माणूस स्वतःला करुणावान समजतो, पण त्याच्यात कोणालाही मदत करण्याचे बळ उरलेले नसते. मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, इतरांच्या दुःखाशी समरस होण्याचा सराव केलेल्या लोकांची खिन्नता वाढलेली दिसली, तर त्यानंतर करुणेचा सराव दिल्यावर त्यांच्यात आपुलकीच्या सुखद भावना वाढल्या. बुद्धघोषांचे निरीक्षण आणि हे प्रयोग एकमेकांच्या किती जवळ येतात, हे मला नेहमी आश्चर्याचे वाटते. ओळखण्याची खूण सोपी आहे: बसून उठल्यावर एखादे छोटे काम करावेसे वाटले तर ती करुणा होती, अंथरुणात शिरावेसे वाटले तर तो शोक होता.

अत्याचार करणाऱ्याविषयी करुणा कशी वाटावी, यावर विसुद्धिमग्गातच एक कठोर उदाहरण आहे. वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या चोराला लोक वाटेत खाऊ घालतात, फुलांच्या माळा घालतात. तो खात-पीत चाललेला असतो, तरी त्याला सुखी कोणी म्हणत नाही. सत्तेच्या शिखरावर बसून हत्येचे आदेश देणाऱ्याकडे असे पाहता येते. यात त्याला क्षमा करणे नाही, खटला मागे घेणेही नाही. तो स्वतःसाठी काय साठवतो आहे हे दिसणे आहे.

श्वासाबरोबर इतरांचे दुःख आत घेऊन सुख बाहेर सोडण्याची तिबेटी टोंगलेन ही साधना अशा काळात अनेकांना आकर्षित करते. ती सखोल आहे, पण युद्धाच्या बातम्यांनी नुकत्याच हादरलेल्या माणसाने तिने सुरुवात करू नये, असे मला ठामपणे वाटते. आधी काही महिने मैत्रीभावना स्थिर करावी. ज्यांनी स्वतः हिंसा सोसली आहे, त्यांनी तर डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून आणि थोडाच वेळ बसावे. जुनी दृश्ये डोळ्यांसमोर येऊ लागली, शरीर सुन्न पडू लागले किंवा घाबरे झाले, तर ध्यान तात्काळ थांबवून चालावे, कोणाशी बोलावे आणि मानसोपचाराची मदत घ्यावी. नेट लावून बसणे ही तेथे साधना ठरत नाही.

आपलीच बाजू दोषी असते तेव्हा

ही पायरी टाळली तर बाकीच्या सगळ्या निरर्थक होतात. विसाव्या शतकात जपानमधील अनेक झेन गुरूंनी साम्राज्याच्या युद्धाला धार्मिक पाठबळ दिले. श्रीलंकेत काही भिक्षूंनी तमिळांविरुद्धच्या युद्धाचे समर्थन केले. म्यानमारमध्ये भिक्षूंनी मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवला, आणि 2017 साली लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावे लागले. श्रीलंका आणि म्यानमारमधील या भिक्षूंना तर मैत्रीसुत्त, म्हणजे सर्व प्राण्यांविषयी मैत्री शिकवणारे पाली सुत्त, पाठ होते. म्हणजे सुत्त म्हणता येणे हे कसलेही संरक्षण नाही.

त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी मैत्रीभावनेत आपल्या समाजाच्या, देशाच्या किंवा धर्माच्या हातून पीडित झालेल्या माणसाला बसवावे. विसुद्धिमग्गात एक परीक्षा आहे: साधक, त्याचा प्रिय, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसले असताना दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी एक माणूस मागतात. ‘अमक्याला न्या’ असे वाटले तर भेद तुटलेला नाही, आणि ‘मला न्या’ असे वाटले तरीही तुटलेला नाही. चौघांपैकी कोणीही देण्याजोगा न दिसणे हीच कसोटी. आपल्या बाजूचे ‘अपरिहार्य बळी’ असा शब्दप्रयोग मनात आला की ही परीक्षा आठवावी.

पाचवी पायरी: एक काम, दीर्घकाळ

ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत (1975 ते 1979) कंबोडियाचे भिक्षू महाघोसानंद यांचे कुटुंब मारले गेले. 1978 साली ते थायलंडच्या सीमेवरील निर्वासित छावण्यांत पोहोचले, तेव्हा त्यांनी तेथे मैत्रीसुत्ताच्या प्रती वाटल्या आणि ‘न हि वेरेन वेरानि’ (वैराने वैर शमत नाही) ही धम्मपदातील गाथा लोकांसोबत म्हटली. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. 1992 साली त्यांनी निर्वासितांसोबत मायदेशी पदयात्रा सुरू केली, जिला धम्मयात्रा म्हणतात. पुढच्या वर्षी निवडणुकीपूर्वी ती युद्धग्रस्त भागांतून गेली, आणि 1994 साली यात्रा दोन सैन्यांच्या गोळीबारात सापडून यात्रेकरू मारले गेले. व्हिएतनाममध्ये झेन भिक्षू थिच न्हात हान्ह यांच्याबरोबर काम करणाऱ्या तरुण समाजसेवकांनी निर्लष्करी पट्ट्याजवळचे बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेले गाव पुन्हा बांधले, ते पुन्हा उद्ध्वस्त झाले आणि त्यांनी ते पुन्हा बांधले. दोन्ही बाजूंना त्यांचा संशय येत असे, आणि त्यांच्यापैकी काही जणांना जीवही गमवावा लागला.

यातून एक व्यवहार्य नियम निघतो. एका संघर्षासाठी एकच काम निवडावे: रक्तदान, निर्वासित कुटुंबाला भाषा शिकवणे, विश्वासू मदतसंस्थेला दरमहा ठरलेली रक्कम, लोकप्रतिनिधीला नियमित पत्र, किंवा दोन समाजांच्या लोकांना एकत्र बसवणारा गट. ते काम आपल्या आवाक्यातले आणि रटाळ असावे. शक्य तर त्यात दुसऱ्या बाजूच्या माणसाशी प्रत्यक्ष ओळख व्हावी, कारण वैर कमी करण्यासाठी बुद्धघोष सगळ्या उपायांच्या शेवटी भेट देण्याघेण्याचा उपाय सांगतात.

प्रतिकाराचे काय? कोसंबीच्या भिक्षूंचे भांडण बुद्धांनाही मिटवता आले नाही. त्यांनी दीघावु राजपुत्राची, सूड सोडून दिल्याची कथा सांगितली, तरी भिक्षू ऐकेनात, तेव्हा ते निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्षूंना भिक्षा देणे आणि वंदन करणे बंद केले, आणि भांडण मिटले. असहकार हे करुणेशी विसंगत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, शोधावे लागत नाही. जिवावर बेतल्यास बळाने रक्षण करावे का, यावर बौद्धांत मतभेद आहेत. बुद्धांनी अहिंसा हा यांत्रिक नियम म्हणून न देता तत्त्व म्हणून दिली, ही डॉ. आंबेडकरांची मांडणी मला तरी या प्रश्नावर सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती विवेक वापरण्याची जबाबदारी माणसावरच ठेवते.

सर्व करूनही हत्या थांबत नाहीत, तेव्हा उपेक्षेची, म्हणजे समतोल चित्ताची, गरज पडते. कोसल देशाचा राजा विडूडभ शाक्यांवर चालून निघाला, तेव्हा बुद्ध सीमेवर एका विरळ सावलीच्या झाडाखाली जाऊन बसले. दाट सावली सोडून येथे का बसलात, असे त्याने विचारले. नातलगांची सावली शीतल असते, असे उत्तर मिळाले आणि तो परत गेला. असे तीनदा झाले. चौथ्यांदा बुद्ध गेले नाहीत आणि शाक्यांचा संहार झाला. ज्ञानी माणसालाही सगळे थांबवता आले नाही, ही कथा जपून ठेवणाऱ्या परंपरेला उपेक्षा म्हणजे बेफिकिरी असे म्हणता येणार नाही. ध्यानाच्या शेवटची दोन-तीन मिनिटे ‘प्रत्येकाच्या कर्माचा वारसा त्याचा त्याच्याकडे आहे, माझ्या वाट्याचे मी केले’ असे म्हणावे. हे वाक्य काम केल्यानंतर म्हणायचे आहे, कामाऐवजी नाही.

बातम्या थांबल्यानंतर

सामूहिक बैठक घ्यायची असेल तर ती चाळीस मिनिटांची, फलक आणि भाषणे नसलेली असावी: दहा मिनिटे श्वास, मग दोन्ही बाजूंच्या मृतांपैकी ज्यांची नावे प्रसिद्ध झाली आहेत ती सावकाश वाचणे, मग मैत्रीभावना आणि शेवटी मैत्रीसुत्ताचे पठण. नावे वाचणारी माणसे शक्यतो दोन्ही समाजांची असावीत. कोणाचे नाव पहिले यावे यावर वाद झाला, तर वर्णानुक्रम वापरावा.

शस्त्रसंधी झाली किंवा बातम्या दुसरीकडे वळल्या की बहुतेक लोकांचे काम सुटते, आणि नेमक्या त्याच वेळी सुरुंग, बेपत्ता माणसे, न्यायालये आणि परतणारे निर्वासित यांचे काम सुरू होते. कंबोडियातील धम्मयात्राही निवडणुकीनंतर चालूच राहिली आणि पुढच्या वर्षांत तिने भूसुरुंग आणि जंगलतोड हे विषय हाती घेतले. म्हणून दिनदर्शिकेत आजपासून सहा महिन्यांनंतरची आणि वर्षानंतरची तारीख आताच नोंदवून ठेवावी, त्या दिवशी निवडलेल्या कामाची स्थिती तपासावी, आणि मैत्रीभावनेत त्या भूमीतील जी माणसे आपण रोज बसवत होतो, त्यांना पुन्हा एकदा त्याच क्रमाने बसवावे.